दातांचा दवाखाना आणि खुर्चीमागचे हात



दातांच्या दवाखान्यावर बोलायला युनियनचा माणूस कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. दात कसा काढावा हे आम्हांला कळत नाही. पण यंत्र, वाफ, धारदार हत्यार आणि मजुरी यांच्याशी आमचा जन्मभर संबंध आला, आणि दातांच्या दवाखान्यात ही चारही एकाच खोलीत नांदतात. सुरक्षितता मालकाच्या चांगुलपणावर सोपवून भागत नाही, ती लिहून ठेवावी लागते, तपासावी लागते आणि मागावी लागते, एवढे या संबंधातून आम्ही शिकलो. त्या शिदोरीवरच आज बोलणार आहोत.

प्रथम एक घडलेली गोष्ट ऐका. तामिळनाडूत वाणियंबाडी नावाचे गाव आहे. तेथील एका दंतचिकित्सालयाशी निगडित असे १० रोगी २०२२-२३ मध्ये आढळले. त्यांच्या मेंदूला मेलिऑयडोसिस नावाच्या जंतुरोगाने ग्रासले होते, आणि त्यांपैकी ८ जण दगावले. संशोधकांनी माग काढला तेव्हा बोट सलाइनच्या बाटलीकडे वळले. बाटली शस्त्रक्रियेच्या हत्याराने उघडायची, झाकण सैलसर लावून ठेवायची आणि तेच पाणी पुढच्या रोग्याच्या जखमेवर सोडायचे, अशी तेथली वहिवाट होती. आठ माणसे जायला एक उघडी बाटली पुरली.

आता हत्यारांकडे वळू. पाण्यात उकळलेले हत्यार चकचकीत दिसते, पण काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांना दाबाखालची वाफ लागते : १२१ अंश सेल्सिअस उष्णता, चौरस इंचाला सुमारे १५ पौंड दाब आणि किमान १५ मिनिटे, पाकिटात बांधलेल्या हत्यारांना त्याहून जास्त. त्याआधी हत्यार घासून स्वच्छ केलेले पाहिजे, कारण वाळलेल्या रक्ताच्या आड जंतू दडून राहतात. पाकिटावरची खूण रंग बदलते, ती फक्त उष्णता लागल्याचे सांगते. जंतू खरोखर मेले की नाही हे पाहायला बीजाणूंची चाचणी आठवड्यातून एकदा तरी करावी, असा दंडक आहे. दात कोरणारे यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते आणि थांबताना तोंडातली लाळ आत ओढू शकते. ते वरून पुसून चालत नाही, प्रत्येक रोग्यानंतर वाफेतच घालावे लागते.

येथे आम्ही एक साधा हिशेब मांडतो. धुणे, तापणे, वाफ, निवणे आणि वाळणे मिळून एका फेरीला तासभर धरा. दवाखान्यात हत्यारांचे तीन संच आहेत आणि संध्याकाळच्या तीन तासांत पंधरा रोगी तपासायचे आहेत. तीन संच तासाला तीन रोग्यांना पुरतात. मग उरलेल्यांच्या तोंडात काय जाते? गिरणीत मागांचा वेग वाढवला की धागा तुटतो आणि दोष विणकऱ्याच्या माथी येतो. येथेही रांग वाढली की पंधरा मिनिटांची सात होतात आणि दोष मदतनिसाचा ठरतो. म्हणून दवाखान्याची प्रत भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवरून ठरवू नये. हत्यारांचे संच किती आणि त्यांना वेळ किती मिळतो, हे आधी पाहावे.

हे काम बहुधा गावातलीच एखादी मुलगी करते. रक्ताळलेल्या सुया, धारदार हत्यारे सारे तिच्या हातातून जाते. हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जगू शकतो. बाधित रोग्याची सुई लस न घेतलेल्या हाताला टोचली, तर शंभरांत ६ ते ३० जणांना तो रोग जडतो. उपाय लसीचे तीन डोस, इतका सोपा आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही केली, दंत-आरोग्यकांची व दंत-यांत्रिकांचीही केली. हत्यारे धुणाऱ्या मदतनिसाचे नाव त्या वह्यांत नाही. सातऱ्यावर मिरचीचे देठ काढणाऱ्या बाईच्या हातांची आग व्यापाऱ्याच्या काट्यावर दिसत नाही, तसेच हे आहे. पण तिचे हात सुरक्षित नसतील तर आपले तोंडही सुरक्षित नाही.

कायदे नाहीत असे नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत आणि सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात जायला हव्यात. क्ष-किरण यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. दंतवैद्याने नोंदणीक्रमांक दर्शनी लावायचा असतो. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. 'एनएबीएच'ने दंतचिकित्सालयांसाठी गुणवत्तेची मानकेही आखली आहेत, पण ती ऐच्छिक आहेत. आणि ऐच्छिक नियमाचे काय होते, हे कामगाराला सांगायला नको.

दंतवैद्याचीही बाजू आहे. लहान गावात दवाखाना काढणारा कर्ज काढून येतो, आणि आपण त्याच्याशी बाजारातल्यासारखी घासाघीस करतो. कमी केलेले पन्नास रुपये कोठून तरी निघतातच. ते हातमोज्यांतून निघावेत की नफ्यातून, याचा विचार त्याने करावा. आणि स्वच्छतेचा खर्च मागितला तर तो द्यावा, हे आपण शिकावे. ज्यांना तोही झेपत नाही त्यांच्यासाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे.

तेव्हा खुर्चीत बसण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. हत्याराचे पाकीट माझ्यासमोर फोडाल का? हातमोजे नवे आहेत का? सलाइनची बाटली माझ्यासाठीच उघडली का? आणि चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, तो अवश्य विचारा : या मदतनीस ताईंना लस दिली आहे का?

विचारण्यात कोणाचाही अपमान नाही. चालत्या यंत्राला जाळी हवी, असे कामगार म्हणाला तेव्हा त्याला उद्धट ठरवणारे पुष्कळ होते; आज ती जाळी कायद्यात आहे. चांगल्या दंतवैद्याला असा प्रश्न आवडतो, कारण त्याच्या कष्टांची ती पावती असते. ज्याला आवडत नाही, त्याच्याकडे तर तो आधी विचारला पाहिजे.