वराडकर डब्लिनचे

(नाशिक येथील युवा शिबिरातील भाषण)



मालवण तालुक्यातलं वराड गाव तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? त्या गावचे डॉ. अशोक वराडकर 1960च्या दशकात इंग्लंडला गेले. तिथे भेटलेल्या आयरिश परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. त्यांचा मुलगा लिओ 2017मध्ये, 38व्या वर्षी आयर्लंडचा पंतप्रधान झाला. देश केवढा? लोकसंख्या आपल्या नाशिक जिल्ह्याहून कमी.

आपल्याकडे बातमी आली ती ‘मराठी माणूस पंतप्रधान’ अशी. मला त्याआधीची वर्षं महत्त्वाची वाटतात. 1999मध्ये, वैद्यकीय शिक्षण चालू असताना, विशीतला हा मुलगा स्थानिक निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. 2004मध्ये कौन्सिलवर निवडून आला, 2007मध्ये संसदेत गेला. ‘आपल्या माणसाला तिकीटच देत नाहीत’ ही आपली तक्रार खरी आहे. पण वॉर्डाच्या मतदार यादीत आपल्या गल्लीतली किती नावं गाळली गेलीत, हे इथल्या किती जणांनी तपासलंय?

त्यांना डोक्यावर घ्या, असं मी म्हणत नाही. स्थलांतरिताच्या या मुलानेच 2008मध्ये सुचवलं होतं, की बेरोजगार परदेशी कामगारांना पैसे देऊन मायदेशी पाठवावं. पक्षनेता निवडताना साध्या सभासदांची जास्त मतं सायमन कोव्हेनींना होती. पक्षाच्या नियमात खासदारांच्या मताला वजन जास्त, म्हणून वराडकर जिंकले. अल्पसंख्याक घरातला माणूस वर गेला की तो आपोआप दुबळ्यांचा होतो, हा समज आपण सोडलेला बरा. दुसरीकडे, कॅथलिक वळणाच्या त्या देशात 2015मध्ये आपण समलिंगी असल्याचं त्यांनी रेडिओवर सांगितलं, तेव्हा ते आरोग्यमंत्री होते. ती हिंमतही मोजली पाहिजे.

मार्च 2024मध्ये ते व्हाइट हाउसमध्ये, बायडेन शेजारी असताना, गाझाबद्दल बोलले. पॅलेस्टिनी लोकांच्या डोळ्यांत आम्हाला आमचाच इतिहास दिसतो, अशा अर्थाचं. विस्थापन, जमिनी जाणं, भूक. दुष्काळात उपाशी मेलेल्यांची आठवण त्या देशाने पुसलेली नाही. तीनच दिवसांनी त्यांनी राजीनामा जाहीर केला. पॅलेस्टाइनला मान्यता मेमध्ये मिळाली, ती पुढच्या पंतप्रधानांच्या काळात.

2019च्या डिसेंबरात ते वराडला येऊन गेले, सगळं कुटुंब बरोबर घेऊन.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलींपासून सुरुवात करूया, मघापासून त्यांचे हात वर आहेत.