विमानाने नेण्याचे बोचके



मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा विषय शोधण्यास लांब जावे लागले नाही. आपल्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. परंतु लेकीच्या बाळंतपणासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठून विमानात बसणाऱ्या आया आता गल्लीगल्लीत आहेत. त्या सर्वांना एकच गोष्ट छळते. सामान वजनाला हलके, पण आकाराने अगडबंब! काटा म्हणतो ६ किलो, आणि बॅगेची साखळी तर लागत नाही.

घरातली मुले म्हणतात, "तिकडे सगळे मिळते." मिळत असेल. पण आजीच्या इरकली लुगड्याची, धावदोऱ्याने शिवलेली वाकळ कोणत्या दुकानात मिळते, ते त्यांनी सांगावे. तेव्हा काय न्यायचे हे आपणच ठरवावे, आणि कसे न्यायचे ते नीट समजून घ्यावे.

फुगीर वस्तूत जागा अडवते ती हवा. कापडातली हवा निघते, कुरडईतली निघत नाही. हा भेद ध्यानात आला म्हणजे निम्मे काम झाले. वाकळ, दुपटी, कापसाची रजई अगोदर कडक उन्हात वाळवावी. दमट राहिली तर बंद पिशवीत कुबट वास धरते. मग हवा काढावयाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गुंडाळत दाबावी. पंपाची पिशवी घेऊ नये, येताना पंप कोठून आणणार? मात्र हवा गेली तरी वजन तेवढेच राहते, हे विसरून मोकळ्या जागेत आणखी कोंबणाऱ्या पुष्कळजणी आहेत. पोहोचताच पिशवी उघडावी. कापूस फार दिवस दाबून ठेवला तर त्याच्या गाठी होतात.

बाळाची मोहरीची उशी भरून नेऊच नये. अभ्रा न्यावा, मोहरी तिकडे विकत घेऊन भरावी.

कुरडयांचे काम मात्र उन्हाळ्यातच सुरू होते. चीक सोऱ्यात घातला, की डबा शेजारी ठेवावा आणि त्याच्या तोंडापेक्षा बोटभर लहान कुरडई पाडावी. ताटाएवढी कुरडई दिसते झोकदार, पण बॅगेत तिचा भुगा होतो. डब्यात कुरडयांच्या दोन थरांमध्ये झबली-टोपडी घालावीत. कुरडया मोडत नाहीत आणि कपड्यांना वेगळी जागा लागत नाही. हा डबा जवळच्या बॅगेत ठेवावा.

काही जणी म्हणतील, कुरिअरने पाठवू. तेथे नुसते वजन पाहत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पुष्कळ कंपन्या ५,००० ने भागतात. खोके ५० बाय ४० बाय ४० असेल तर उत्तर १६ येते. आत ३ किलोच कुरडया असल्या तरी पैसे १६ किलोंचे!

विमानात देशांतर्गत प्रवासाला साधारणपणे मोठी बॅग १५ किलो आणि जवळची ७ किलो चालते. परदेशी पुष्कळ ठिकाणी मोठ्या बॅगेला २३ किलो, आणि तिन्ही बाजूंची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत. प्रत्येक कंपनीचा नियम निराळा, म्हणून तिकीट वाचावे आणि शिवणाच्या टेपने बॅग घरीच मोजावी. परदेशी उतरल्यावर खाण्याचे पदार्थ विचारल्यास लपवू नयेत.

डिंकाच्या लाडवांसाठी खोबऱ्याच्या वाट्या न्यावयाच्या असतील तर थांबा. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानात त्याला मनाई आहे. आणि आपल्या जुन्या सवयीप्रमाणे बोचक्याला दाभणाने टाके घालू नयेत. तपासणीवाल्यांना उघडावेसे वाटले तर ते टाके कापतील, आणि कात्री आतल्या वाकळीलाही लागेल.