जिताडा कुठून येतो?



संयोजकांनी ‘तुझ्या क्षेत्राबद्दल बोल’ असं सांगितलं होतं. पण सॉफ्टवेअर ऐकायला पेणला कोण येणार? म्हणून आपल्या धरमतर खाडीबद्दल बोलते.

आंबा नदी सह्याद्रीतून उतरते, पाली, नागोठणं करत खाली येते आणि भरतीच्या पाण्याला भेटते. तिथून रेवसपर्यंतचं पाणी ना धड गोडं, ना धड खारं. जिताड्याचं सगळं आयुष्य या दोन पाण्यांवर चालतं. मोठे मासे पावसाळ्यात खाडीच्या मुखाकडे अंडी घालतात. पिल्लं भरतीबरोबर आत येतात आणि कांदळवनाच्या मुळांत लपून वाढतात. गंमत म्हणजे जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. (शाळेत हे कळलं असतं तर मी इंजिनिअरिंगला गेलेच नसते!) म्हणजे मोठे मासे सगळे ओरबाडले, तर अंडी घालायला मादीच उरत नाही. खारेपाटात हीच पिल्लं धरून तळ्यात सोडतात, वाढवतात आणि जावई आला की काढतात. तळं आपलं, पण बियाणं खाडीचं.

भाताचंही तसंच. खाडीकडच्या बांधापुढे तिवरं उभी असली की उधाणाचा जोर तीच झेलतात. ती गेली की लाट थेट मातीवर आपटते. बांधाला खांड पडून एकदा खारं पाणी शेतात शिरलं, की मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे जातात.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडायला बंदी केली. पण भरावाने ओहोळातलं भरतीचं पाणी अडलं, की तिवर उभ्या उभ्या वाळते. कुऱ्हाड कुणी लावलेलीच नसते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची जमीन खाडीकडे आहे आणि तिला आता भाव आलाय. ‘विकू नका’ असं पुण्यात बसून पगार घेणाऱ्या मी सांगणं शोभत नाही; मुलांची शिक्षणं सगळ्यांनाच आहेत. पण सौद्याआधी एकदा ओहोटीच्या वेळी शिवारात जाऊन या. आपल्या तुकड्यातून ओहोळ जातो का, तो बुजला तर पाणी कुणाच्या शेतात घुसेल, हे बघा. आणि ज्याचं शेत आहे त्याला आधी विचारा. तो बहुतेक इथेच, मागच्या बाकावर बसलेला असेल.

बाकी, जेवणात आज जिताडा आहे असं ऐकलंय. तळ्यातला की खाडीतला, ते आचाऱ्याला विचारून घ्या.