सुजाता : एक नाव आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही दोन शब्द बोलतो. आम्ही गिरणी कामगार. शाळा फार झाली नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. चुकले तर सांभाळून घ्या.

मघाशी इथे एका लेकीचे नामकरण झाले. नाव ठेवले सुजाता. म्हणून आज याच नावावर बोलायचे आहे.

'सु' म्हणजे चांगले, 'जात' म्हणजे जन्मलेले. सुजाता म्हणजे चांगल्या जन्माची. खात्यातल्या एका सोबत्याने आम्हांला एकदा विचारले, "तुमच्यात हे नाव कसं काय? म्हणजे चांगल्या जातीची ना?" तो चेष्टेने बोलला, पण प्रश्न जुना आहे. शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे, असे मनुस्मृतीत लिहून ठेवलेले आहे. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि केराबाई-धोंडाबाईंच्या नाती सुजाता, विशाखा, संघमित्रा, गौतमी झाल्या. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' सिनेमा आला. त्यात नूतनने अस्पृश्य घरात जन्मलेल्या मुलीचे काम केले. तिचे नावही सुजाताच!

पण मंडळी, नाव बदलले म्हणजे सगळे झाले काय?

उरुवेलेच्या सेनानी नावाच्या गृहस्थाची मुलगी सुजाता. उपासाने हाडांचा सापळा झालेल्या गौतमाला तिने खीर दिली. देह झिजवून ज्ञान मिळत नाही, हे ओळखून त्याने ती स्वीकारली. बुद्धगयेजवळ बकरौर गावी तिच्या नावाचा स्तूप आजही उभा आहे. पाली ग्रंथांत दुसरीही एक सुजाता आहे, अनाथपिंडिकाची सून. माहेरच्या श्रीमंतीचा तिला ताठा. सासरी कुणाला जुमानत नसे. भगवंतांनी तिला जवळ बोलावून समजावले. नाव एकच, पण स्तूप कुणाचा झाला? जिने भुकेल्याला अन्न दिले तिचा. चांगला जन्म आईच्या पोटावरून ठरत नाही, हातून काय घडते त्यावरून ठरतो.

आता आमचीच गोष्ट सांगतो. १९९३ साली आमचे लग्न झाले. पत्नीचे माहेरचे नाव सुजाता. तिच्या वडिलांनी हौसेने ठेवलेले. विहारात पंचशील घेतले, आणि घरी येऊन ताटात तांदूळ पसरून आम्ही अंगठीने दुसरेच नाव लिहिले. रीत आहे म्हणाले, आम्हीही लिहिले. रेशनकार्डावर नवे नाव चढले. पुढे अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. शाळेच्या दाखल्यावर सुजाता, कार्डावर दुसरीच बाई! प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापा, असे करता करता मुदत गेली.

गिरणीत आम्ही पाच वर्षे बदली कामगार होतो. दुसऱ्याच्या साच्यावर राबायचे, आणि मस्टरवर आपले नाव पक्के नाही. ते दुःख आम्हांला कळत होते. पण घरातल्या माणसाचे नाव आपण पुसले, हे कळायला फार वर्षे लागली.

लग्नानंतर बाईने नाव बदललेच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. उलट १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचेही नाव आले आहे. मग त्या आईचे नाव एकच आणि तिचे स्वतःचे नको का?

म्हणून विनंती करतो. मुलींना चांगली नावे ठेवा. नावामागची कथा सांगा. नावाला शिक्षणाची जोड द्या. आणि सून घरात आली की तांदळाचे ताट चुलीकडे न्या, भात करा, चार माणसांना वाढा. खऱ्या सुजातेचे काम तेच आहे.

आमच्या पत्नी समोर बसल्या आहेत. इतकी वर्षे ज्या नावाने हाक मारली नाही, त्या नावाने आज सर्वांसमक्ष सांगतो: सुजाता, आमचे चुकले.

जयभीम! नमो बुद्धाय!