संकटकाळी बोलावे कसे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्या विद्यार्थ्यांचा आपण गौरव केला, त्यांचे आम्ही प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. चालकमंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मुभाही दिली. तिचा लाभ घेऊन एक अपरिचित विद्याशाखा आपल्यापुढे मांडावी असे योजिले आहे.

गेल्या महिन्यात शिष्यवृत्ती समितीपुढे एक अर्ज आला. अर्जदार मुलीस विद्यापीठात जोखीम व संकटकालीन संज्ञापन हा विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यास करावयाचा होता. समितीत प्रश्न निघाला की, ‘बोलण्याचे का कोठे शिक्षण असते?’ खरे सांगावयाचे तर हा प्रश्न विचारणारे आम्हीच होतो. अर्ज तहकूब राहिला. समितीपुढे अर्जदाराचे नाव ठेवावयाचे नाही हा आपला नियम सर्वांस विदित आहेच. उत्तराचा मसुदा करावयास कागद आमच्या हाती आले तेव्हा नाव दिसले आणि आम्ही मनातून वरमलो. त्याचे कारण सांगणे प्राप्त आहे.

सन २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट भरात होती. त्या दिवसांत घरगुती काढ्याने व वाफाऱ्याने रोग हटतो, दवाखान्याची घाई नको, अशा आशयाचा एक संदेश आमच्या भ्रमणध्वनीवर आला. हेतू चांगला होता, परंतु शहानिशा न करता आम्ही तो मंडळाच्या नावाने सर्व कुटुंबांस धाडला. त्यावर विसंबून आपल्यातील एका गृहस्थांनी दवाखाना गाठण्यास तीन दिवस लावले. ईश्वरकृपेने ते बचावले. त्याच सुमारास एका मुलीचा दूरध्वनी आला. ती म्हणाली, “आजोबा, ज्या नावाने संदेश गेला त्याच नावाने दुरुस्ती गेली पाहिजे. आणि काय करू नये एवढेच लिहू नका. ताप आला तर कोणी, कोठे, केव्हा जावे तेही लिहा.” अर्ध्या तासात आम्ही तसे केले. तीच ही अर्जदार मुलगी.

संकटकाळी शब्दाने माणूस तरतो आणि शब्दानेच बुडतो, हे आम्ही बालपणीही पाहिले होते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याचा बांधही गेला आणि मुठेच्या पुराने पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. ‘धरण फुटले, पळा’ अशी ओरड वाड्यात ऐकू आली. पाठोपाठ ‘ही अफवा आहे’ असेही कोणी ओरडून गेले. आजोबा जागचे हलेनात. इतक्यात शेजारच्या आळीतले शाळामास्तर धापा टाकीत आले व म्हणाले, “तात्या, मी पाणी डोळ्यांनी पाहिले. मुलांना घेऊन पर्वतीकडे चला.” आजोबा तत्क्षणी उठले. शब्द बहुतेक तेच होते. फरक होता तो बोलणाऱ्याच्या विश्वासार्हतेचा, आणि जावयाचे कोठे हे सांगण्याचा.

या पुण्यनगरीने याच्या उलटचा धडाही पाहिला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि लवकरच साथ पुण्यात पोहोचली. रोगी वेगळे काढणे, घरे निर्जंतुक करणे हे उपाय मुळात निरर्थक नव्हते. परंतु १८९७ साली रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. माजघराची व देवघराची मर्यादा राहिली नाही. मग लोक रोगी लपवू लागले. रोग आवरण्यासाठी योजिलेली सक्तीच रोगास आडोसा देणारी ठरली. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले ते आपण जाणताच. त्याच वर्षी १० जानेवारीस डॉ. हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. लोकांस जे करावयास सांगावयाचे ते आधी आपण करून दाखविणे, याहून प्रभावी भाषण कोणते?

या अनुभवांचेच आता शास्त्र झाले आहे. अमेरिकेतील पीटर सँडमन या अभ्यासकाने सूत्र मांडले की, लोकांच्या लेखी जोखीम म्हणजे प्रत्यक्ष धोका अधिक मनाचा क्षोभ. धोका मोठा पण क्षोभ नाही, तेथे लोकांस जागे करावे लागते. धोका अल्प पण क्षोभ मोठा, तेथे त्यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे लागते. दोन्ही मोठे असतील तेथे हात धरून वाट दाखवावी लागते. पॉल स्लोविक यांनी १९८७ साली दाखवून दिले की, अनोळखी, आपल्या हाती नसलेल्या व भयंकर भासणाऱ्या धोक्यांस माणूस अधिक भितो. म्हणूनच विमानात जीव मुठीत धरून बसणारा गृहस्थ शिरस्त्राणाविना दुचाकी खुशाल हाकतो.

या शाखेचा विद्यार्थी मानसशास्त्र शिकतो, तसेच संख्याशास्त्रही शिकतो. ‘धोका दुप्पट झाला’ हे वाक्य ऐकताच तो विचारतो, लाखात एकाचे दोन झाले की शंभरात दहाचे वीस? सूचना लिहून झाली की ती चार सामान्य माणसांकडून वाचवून घेतो व त्यांस काय उमगले ते तपासतो. जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगावे, जे ठाऊक नाही ते तसे कबूल करावे आणि पुन्हा केव्हा सांगू तेही सांगावे, अशी त्याची शिस्त असते. खोटा धीर आज गोड लागतो, पण उद्याच्या खऱ्या इशाऱ्याची पत घालवितो.

हे सारे पुस्तकी आहे असे कोणी समजू नये. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले व सुमारे १०,००० माणसे दगावली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले, वादळ नसतानाही तालमी घेतल्या आणि इशारा शेवटच्या झोपडीपर्यंत ओळखीच्या तोंडून पोहोचेल अशी व्यवस्था लावली. २०१३ च्या ऑक्टोबरात फायलिन वादळ आले तेव्हा सुमारे दहा लक्ष लोक आधीच हलविले गेले. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वारा मनुष्यास थांबविता आला नाही, परंतु वेधशाळेचा अंदाज, निवाऱ्याची भिंत आणि विश्वासाचा शब्द यांनी मिळून ही किमया केली.

आता पालकांच्या मनातील व्यवहारी प्रश्न. उपजीविकेचे काय? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्र, राज्य व जिल्हा या तिन्ही पातळ्यांवर प्राधिकरणे निर्माण केली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण मिळते. रुग्णालये, रासायनिक कारखाने, धरणे, वृत्तसंस्था, सर्वत्र ही जाण असलेली माणसे लागतात. मोठ्या वेतनाची हमी आम्ही देत नाही. ती देणे याच शास्त्राच्या विरुद्ध होईल! परंतु वैद्य रोग्यास औषध देतो, स्थापत्यविशारद बांध घालतो; ते औषध घ्या, तो बांध सोडा, हे लोकांस पटेल असे सांगणारा कोणी नसेल तर दोघांचे श्रम वाया जाण्याचा संभव असतो.

म्हणून शिष्यवृत्ती समितीस आमची जाहीर विनंती आहे की, तो तहकूब अर्ज येत्या बैठकीत पुन्हा विचारास घ्यावा. नकाराच्या बाजूने जे बोललो ते आम्ही मागे घेतो; दुरुस्ती त्याच तोंडाने व्हावी, हे त्या मुलीनेच आम्हांस शिकविले आहे. दुसरी विनंती सर्व कुटुंबांस. मंडळाच्या नावाने यापुढे आरोग्याचा वा आपत्तीचा कोणताही संदेश निघण्यापूर्वी तो दोन जाणत्या माणसांनी तपासावा, असा ठराव आजच करावा. ज्ञातीच्या नावावर आपण विश्वास ठेवतो. तो विश्वास ही आपल्या वाडवडिलांची ठेव आहे, आणि ती जपून वापरणे हे आपले कर्तव्य आहे.