होमोसिस्टीन, आपला आहार आणि हृदय

(सुवर्णमहोत्सवानिमित्त चंद्रपूर येथे केलेले भाषण)



मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. तरीही बोलण्याचे धाडस करतो, कारण हा धडा मला माझ्याच देहाने शिकविला. काही वर्षांपूर्वी दुकानात गादीवर बसल्या बसल्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. तपासणीत होमोसिस्टीन ३८ निघाले. साधारणतः १५ पर्यंतचे प्रमाण योग्य मानतात. ‘हे वाढले की हृदयविकार आलाच’ असे कुणीतरी सांगितले. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना न विचारताच मी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या.

होमोसिस्टीन हा प्रथिनांच्या पचनानंतर शरीरात तयार होणारा घटक आहे. मुख्यतः ब-१२ आणि फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वांच्या साह्याने त्याचा निचरा होतो. ती अपुरी पडली की, वसुली थांबल्यावर खात्यावर थकबाकी साचावी तसा तो रक्तात साचतो. याचा रक्तवाहिन्यांच्या काठिण्याशी संबंध असावा, हा विचार १९६९ साली अमेरिकेतील डॉ. किल्मर मॅकली यांनी मांडला.

आपल्या महाराष्ट्राचे चित्र विचार करावयास लावणारे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी शहरी व ग्रामीण भागांतील ४४१ पुरुषांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी, तर ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले आढळले. वरचेवर मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींमध्ये ब-१२ कमी असण्याची शक्यता ४.४ पट होती.

मग गोळ्या घेतल्या की हृदय सुरक्षित झाले काय? तसे नाही. त्याच वर्षी ‘होप-२’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ५,५२२ रुग्णांवर सुमारे पाच वर्षे उपचार झाले. जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरले, पक्षाघात काहीसे कमी झाले. परंतु हृदयविकाराचे झटके वा त्याने होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नाहीत. म्हणजे ही थकबाकी आजाराची खूण असू शकते. तीच मूळ कारण आहे, असे सिद्ध झालेले नाही.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची पाहणी केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाल्याचे आढळले. मृत्यूचे ते पहिले कारण ठरले. तेव्हा हृदयाचे आणि मेंदूचे रक्षण करावयाचे तर आधी रक्तदाब, साखर, चरबी आणि वजन तपासावे. पापड-लोणच्यातील मीठ आवरावे, रोज चालावे. आणि स्पष्टच सांगतो, गादीवर बसून घोटला जाणारा खर्रा सोडावा.

ब-१२ मात्र दुर्लक्षिण्याजोगे नाही. त्याच्या अभावी मज्जातंतू झिजतात. नुसते फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आतली झीज चालूच राहते. माझे तेच झाले. पुढे डॉक्टरांनी ब-१२ची इंजेक्शने दिली, मुंग्या थांबल्या. उजव्या पायाच्या बोटांतील बधिरता मात्र कायमची राहिली.

यासाठी आहारधर्म सोडण्याचे कारण नाही. दूध-दह्यातून काही ब-१२ मिळते, कडधान्यांतून फॉलिक ॲसिड मिळते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्यांनी मूग-मटकी, हरभरा विसरू नये. औषधातील ब-१२ सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार होते. जिलेटिनची कॅप्सूल मात्र प्राणिज असते, म्हणून गोळीच मागावी. मनात शंका असल्यास गुरुमहाराजांना विचारावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि पन्नाशी ओलांडलेल्या बंधू-भगिनींनी ब-१२ची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने अवश्य करावी.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो, वर्षाचा ताळेबंद पाहतो. देहाच्या वहीकडेही वर्षातून एकदा पाहावे, एवढीच नम्र विनंती. बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!