बोथट विळीच बोट कापते

आजचा विषय जरा वेगळा आहे. चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, आणि तिला धार कशी लावायची.

आपल्यापैकी बरेच जण फ्लॅटमध्ये वाढलेले. इथं आल्यावर घरामागं बाग आली, बागेत झाड आलं आणि मग शेडमध्ये चेनसॉही आली. फेब्रुवारी 2022 मध्ये युनिस वादळानं आमच्या बागेत एक जाड फांदी पाडली. मी करवत काढली. थोड्याच वेळात ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, जळका वास यायला लागला. मी काय केलं? अजून जोर लावला! पट्टीचं टोक पलीकडच्या डहाळीला लागलं आणि करवत उसळून थेट तोंडाकडे आली. पुढचा दांडा मनगटावर आदळला, ब्रेक लागला आणि साखळी थांबली, म्हणून आज बोलतोय.

आपल्या आया सांगायच्या, धारदार विळीपेक्षा बोथट विळी वाईट. बोथट झाली की आपण जोर लावतो आणि हात घसरतो. चेनसॉचंही तेच. ढलप्या पडत असतील तर धार आहे. बारीक भुसा पडायला लागला की थांबा.

आता धार कशी लावायची ते सांगतो. आधी बॅटरी काढा. विजेवरची असेल तर प्लग काढा, पेट्रोलची असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढा. यंत्र गार होऊ द्या. जाड हातमोजे घाला, कारण थांबलेली साखळीही कापते. पट्टी शिकंज्यात घट्ट धरा.

कानस गोल हवी आणि तुमच्या साखळीच्या मापाची हवी. घरगुती करवतींना बहुधा 4 मिलिमीटरची लागते. पण अंदाजानं घेऊ नका, माप माहितीपुस्तिकेत असतं. दाते एक डावा, एक उजवा असे असतात. 1946 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती जबड्यानं आलटून पालटून दोन्ही बाजूंनी कुरतडत होती. त्यावरून त्यानं ही साखळी बनवली.

म्हणून आधी एका बाजूचे सगळे दाते घासा, मग दुसऱ्या बाजूचे. सगळ्यांत झिजलेल्या दात्यापासून सुरुवात करा आणि बाकीचे त्याच्याइतकेच ठेवा. कोन बहुतेक साखळ्यांना 30 अंशांचा असतो, दात्यावर तशी रेघ असते. कानस आतून बाहेर ढकलायची. परत आणताना उचलायची, खरवडायची नाही. प्रत्येक दात्याला तितकेच हात मारा, दोन किंवा तीन. एका बाजूला कमी-जास्त झालं तर करवत तिरकी कापते. घासताना ब्रेक लावा, साखळी पुढे सरकवायची असेल तेव्हाच सोडा.

प्रत्येक दात्यापुढे एक उंचवटा असतो. दाता किती लाकूड उचलणार, ते त्यावर ठरतं. तो दात्यापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली हवा. तीन-चार वेळा धार लावल्यावर मापपट्टी ठेवून बघा आणि चपट्या कानशीनं घासा. पण जास्त घासू नका. उंचवटा फार खाली गेला की करवत लाकडाला हिसके देते आणि उसळते.

शेवटी ताण. साखळी पट्टीला खालून चिकटलेली हवी, पण मोजा घातलेल्या हातानं सहज फिरायला हवी. काम झाल्यावर ताण थोडा सैल करा, कारण गरम साखळी गार होताना आवळते. तेल आहे ना, तेही पाहा. करवत सुरू करून टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरलं की तेलाची रेघ उमटायला हवी. पुठ्ठ्याला टोक लावू नका.

कापताना चेनसॉची खास पँट, हेल्मेट आणि जाळी हवीच. त्या पँटचे धागे साखळीत गुंततात आणि ती थांबते. साधी जीन्स तसं करत नाही. आणि शिडीवर चढून कधीच कापायचं नाही. उंचावरची फांदी असेल तर प्रशिक्षित माणूस बोलवा.

आमच्या घरी आता एक नियम आहे. बॅटरी बदलली की आधी दाते तपासायचे. पंधरा मिनिटं जातात, जाऊ देत. त्या दिवशी बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत होती. तेव्हापासून मी कानस घेऊन बसलो की चहा न मागता येतो.

काळजी घ्या मंडळी. पुन्हा भेटू.